मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि दृष्टिवैषम्याचे निवारण

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे केव्हा म्हणावे? गढूळ झालेले भिंग डोळ्यातून निघाले, त्याच्या जागी कृत्रिम भिंग नीट बसले, जखम भरून आली आणि डोळ्यात लाली उरली नाही, एवढ्याने शल्यवैद्याचे समाधान व्हावयास हरकत नाही. रुग्णाची कसोटी मात्र निराळी असते. बसगाडीवरील पाटी वाचता येते काय, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखता येतो काय, जिन्याच्या पायरीची कड स्पष्ट दिसते काय, हे त्याचे प्रश्न असतात. कित्येकदा असे घडते, की पट्टी सुटल्यावर डोळ्यात प्रकाश भरपूर येतो, रंग उजळ दिसू लागतात, परंतु अक्षरांच्या कडा फिसकटलेल्याच राहतात. एका दिशेच्या रेघा ठळक, तर दुसऱ्या दिशेच्या पुसट. पडदा दूर झालेला असतो, पण चित्र जुळलेले नसते. याचे एक प्रमुख कारण म्हणजे दृष्टिवैषम्य. मोतीबिंदू काढतानाच या दोषाचे निवारण करण्याचे कोणते मार्ग शल्यवैद्याला उपलब्ध आहेत आणि त्या प्रत्येकाची मर्यादा कोणती, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहिले पाहिजे. बाहेरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरताना सर्वप्रथम स्वच्छमंडलातून जातो. घड्याळाच्या काचेसारखा हा पारदर्शक पडदा बाहुलीच्या समोर असतो. त्याचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि मध्यावरील जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याच्या एकूण प्रकाश-वक्रीकरण शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश शक्ती या पातळ पडद्याची असते. उरलेली त्यामागील नैसर्गिक भिंगाची. स्वच्छमंडल चेंडूच्या पृष्ठभागासारखे सर्व दिशांना सारखेच वक्र असेल, तर दूरच्या एका बिंदूपासून निघालेले किरण जालपटलावर पुन्हा एका बिंदूत मिळतात. परंतु पुष्कळांचे स्वच्छमंडल चेंडूपेक्षा चमच्याच्या पाठीसारखे अधिक असते. चमच्याची पाठ लांबीच्या दिशेने कमी वक्र आणि रुंदीच्या दिशेने अधिक वक्र असते. अशा पृष्ठभागातून गेलेले किरण एका बिंदूत मिळत नाहीत. एका दिशेतील किरण अलीकडे, तर तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेतील किरण पलीकडे एकत्र येतात. बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता रेघ होते किंवा पसरट ठिपका होतो. या दोषाला इंग्रजीतून आलेले ॲस्टिग्मॅटिझम हे नाव आहे. बिंदूचा अभाव असा त्याचा मूळ ग्रीक अर्थ असून मराठीत त्याला अबिंदुकता असेही म्हणतात. चष्म्याच्या दुकानात ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणून जो सांगितला जातो, तो याच दोषाचा. त्याचे माप डायॉप्टर या एककात देतात, आणि त्या मापाबरोबर अक्षाची दिशा अंशांत सांगावी लागते. दोष किती आणि कोणत्या दिशेने, अशी ही दोन मापे आहेत. यांतील दुसरे माप चुकले, तर पहिले अचूक असूनही उपयोग होत नाही.

हा दोष प्रथम ओळखला तो पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी, आणि तोही स्वतःच्याच डोळ्यात. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आपल्या डोळ्यातील वैषम्याचे वर्णन केले. त्याने केलेला प्रयोग आजही मननीय आहे. आपल्या स्वच्छमंडलाची शक्ती नाहीशी व्हावी म्हणून त्याने डोळा पाण्याशी भिडविला आणि तिची भरपाई पुढे एक भिंग धरून केली. तरीही वैषम्य कायम राहिले. यावरून त्याने अनुमान काढले, की आपला दोष स्वच्छमंडलात नसून आतील भिंगात आहे. पुढे १८२५ मध्ये जॉर्ज एअरी याने आपल्या डाव्या डोळ्यासाठी एका बाजूस गोलाकार आणि दुसऱ्या बाजूस दंडगोलाकार असे भिंग घासवून घेतले, आणि चष्म्याने हा दोष दूर होऊ शकतो हे दाखवून दिले. हाच एअरी पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. दोषाला आजचे नाव विल्यम ह्यूएल याने दिले.

यंगच्या प्रयोगातून मोतीबिंदूच्या शल्यवैद्याने घ्यावयाचा धडा सरळ आहे. वैषम्य स्वच्छमंडलात असते तसे भिंगातही असू शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग तर काढूनच टाकले जाते. म्हणून रुग्णाच्या जुन्या चष्म्याचा नंबर हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. जुन्या चष्म्यात मोठा सिलिंडर असूनही स्वच्छमंडल जवळजवळ निर्दोष असेल, तर भिंगाबरोबर दोषही निघून जाईल. उलट स्वच्छमंडलाचा दोष भिंगाच्या विरुद्ध दोषाने आजवर झाकला गेला असेल, तर भिंग काढल्यावर तो उघडा पडेल. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी स्वच्छमंडलाचे स्वतंत्र मापन अनिवार्य ठरते. हे मापन करणारी उपकरणे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाली. हेल्महोल्ट्झने स्वच्छमंडलावरील प्रतिबिंबाच्या आकारावरून त्याची वक्रता काढण्याची रीत बसविली. जाव्हाल आणि शॉट्झ यांनी १८८० च्या सुमारास तिला दवाखान्यात वापरता येईल असे रूप दिले. त्याच सुमारास पोर्तुगालच्या प्लासिदो याने काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून स्वच्छमंडलावर उमटणारी वर्तुळे न्याहाळण्याची युक्ती काढली. वर्तुळे गोल उमटली, तर पृष्ठभाग सम. लांबट उमटली, तर वैषम्य. वेडीवाकडी उमटली, तर दोष अनियमित. आजची संगणकाधारित नकाशे काढणारी यंत्रे हीच तत्त्वे अधिक सूक्ष्मपणे वापरतात.

दृष्टिवैषम्य किती जणांना असते? जर्मनीत तेवीस हजारांहून अधिक डोळ्यांची मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची मापे तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक-तृतीयांश डोळ्यांत ते एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक, आणि सुमारे आठ टक्के डोळ्यांत दोन डायॉप्टरहून अधिक आढळले. अर्धा डायॉप्टर बहुतेकांना जाणवतही नाही. एक डायॉप्टरला अक्षरे पुसट होऊ लागतात. दोनच्या पुढे चष्म्याविना रस्त्यावर वावरणे कष्टाचे होते.

आता शस्त्रक्रियेकडे वळले पाहिजे. शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर दिसते की वैषम्य पुष्कळदा निसर्गाने नव्हे, तर शस्त्रानेच दिलेले असते. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या रीतीत शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागात छिद्र करून गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारीत असत. छिद्र सूक्ष्म असल्याने स्वच्छमंडलाच्या घडणीला धक्का लागत नसे. या उपायाचे इतर धोके अर्थातच मोठे होते. अठराव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सच्या झाक दाव्हिएल याने स्वच्छमंडलाच्या कडेने मोठा छेद घेऊन भिंग बाहेर काढण्यास आरंभ केला आणि १७५३ साली ही रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून मोतीबिंदू डोळ्यातून खरोखरी बाहेर पडू लागला. पण त्याच दिवसापासून छेदाचा परिणाम स्वच्छमंडलाच्या आकारावर होऊ लागला.

हा परिणाम कसा होतो? ज्या दिशेत छेद घेतला जातो, त्या दिशेत स्वच्छमंडल किंचित सपाट होते आणि तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशेत किंचित अधिक वक्र होते. छेद जितका लांब आणि जितका स्वच्छमंडलाच्या मध्याकडे, तितका परिणाम अधिक. टाक्यांचा परिणाम उलट असतो. घट्ट टाका आपल्या दिशेतील वक्रता वाढवितो. १९८० च्या सुमारास अखंड भिंग किंवा त्याचा कठीण गाभा बाहेर काढण्यासाठी दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन तो अनेक टाक्यांनी शिवावा लागत असे. टाके घट्ट बसले की काही आठवडे एका दिशेचे वैषम्य, आणि ते सैल झाले की काही महिन्यांनी दुसऱ्या दिशेचे, असा अनुभव त्या काळी नित्याचा होता. कुशल शल्यवैद्य स्वच्छमंडलाचे माप घेऊन नेमका कोणता टाका केव्हा कापावयाचा, हे ठरवीत. वैषम्य आटोक्यात ठेवण्याचा तो एक मार्गच होता.

भारतातील नेत्रशिबिरांत त्या काळी बहुधा भिंग काढून रुग्णाला ठरावीक नंबरचा जाड बहिर्गोल चष्मा दिला जाई. प्रत्येकाच्या वैषम्याचा हिशेब त्यात नसे, आणि तो करणे शक्यही नव्हते. आंधळेपणा हटविणे हीच त्या वेळची निकड होती. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी मदुरै येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय उघडले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून डोळ्यात बसवावयाची भिंगे देशातच अल्प खर्चात तयार होऊ लागली. जाड चष्म्याचे युग त्यामुळे सरत गेले. परंतु भिंग डोळ्यातच बसू लागल्यावर राहिलेल्या वैषम्याकडे लक्ष जाणे क्रमप्राप्त होते. जाड चष्मा घालावयाचाच असेल, तर त्यात सिलिंडरही बसविता येतो. चष्मा लागू नये अशी अपेक्षा निर्माण झाल्यावर मात्र तो दोष डोळ्यातच दुरुस्त करावा लागतो.

त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेचा छेदच योग्य जागी घेणे. दुसरा, स्वच्छमंडलावर वेगळे शिथिलक छेद घेणे. आणि तिसरा, वैषम्य दूर करणारे कृत्रिम भिंग बसविणे.

पहिला मार्ग सर्वांत साधा आहे. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन याने १९६७ साली श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची रीत प्रथम वापरली. घडी घालता येणारी भिंगे निघाल्यावर छेद लहान होत होत आता सुमारे सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरवर आला आहे. एवढ्या छेदाने स्वच्छमंडलात सामान्यतः अर्ध्या डायॉप्टरहून कमी बदल होतो. हा छेद जर स्वच्छमंडलाच्या अधिक वक्र दिशेवर घेतला, तर ती दिशा थोडी सपाट होऊन जुन्या वैषम्यातून तेवढा भाग वजा होतो. त्याच्या बरोबर समोर दुसरा तसाच छेद घेतल्यास परिणाम वाढतो. ही जोड-छेदांची रीत २००० साली प्रसिद्ध झाली. वैषम्य अल्प असेल, तर यापेक्षा अधिक काही करावे लागत नाही, आणि खर्चही वाढत नाही.

छेदाच्या जागेचे महत्त्व वयाशीही निगडित आहे. तरुणपणी बहुतेकांचे स्वच्छमंडल उभ्या दिशेत अधिक वक्र असते. वय वाढते तसा हा क्रम बदलत जातो आणि उतारवयात आडवी दिशा अधिक वक्र होण्याकडे कल असतो. मोतीबिंदूचे रुग्ण बहुधा वृद्धच असतात. आता जुन्या सवयीप्रमाणे रुग्णाच्या उशाशी बसून डोळ्याच्या वरच्या बाजूने छेद घेतला, की उभी दिशा आणखी सपाट होते. म्हणजे असलेल्या दोषात भर पडते. तोच छेद कानशिलाच्या बाजूने घेतला, तर आडवी दिशा सपाट होऊन दोष घटतो.

भारतात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण येथे लक्षावधी शस्त्रक्रिया यंत्राविना, हाताने, लहान छेदाच्या रीतीने होतात. या रीतीत श्वेतपटलातून बोगद्यासारखा तिरपा मार्ग काढून भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढतात. छेद सुमारे सहा-सात मिलिमीटरचा असतो आणि तो बहुधा टाक्याविना आपोआप मिटतो. छेद तुलनेने मोठा असल्याने त्याची जागा आणि त्याचा आकार यांना मोल येते. छेदाची दोन्ही टोके स्वच्छमंडलापासून दूर वळविली, तर वैषम्य कमी निर्माण होते. इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रीतीने वरच्या बाजूने छेद घेतलेल्या डोळ्यांत सरासरी १.२८ डायॉप्टर वैषम्य निर्माण झाल्याचे, तर कानशिलाच्या बाजूने घेतल्यास ते ०.३७ आणि वर-कानशिलाच्या कोपऱ्यात घेतल्यास ०.२० डायॉप्टर एवढेच राहिल्याचे आढळले. रुग्ण तसेच, शस्त्र तेच, खर्च तोच. बदलली ती फक्त शल्यवैद्याची बसण्याची जागा. सवाएक डायॉप्टर आणि पाव-अर्धा डायॉप्टर यांतील हा फरक ज्याच्या डोळ्यात राहतो, त्याला तो जन्मभर भोगावा लागतो.

दुसरा मार्ग शिथिलक छेदांचा. त्याची कल्पना बरीच जुनी आहे. स्वच्छमंडलाच्या अधिक वक्र दिशेवर छेद घेऊन वैषम्य घटविता येईल, असे हॉलंडच्या स्नेलेन याने १८६९ साली सुचविले. नॉर्वेच्या शॉट्झ याने १८८५ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या तीव्र वैषम्यावर असा छेद प्रत्यक्ष घेतला. हॉलंडच्याच लान्स याने १८९८ साली सशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून या उपायाला नियमांची बैठक दिली. छेद जितका खोल आणि लांब तितका परिणाम अधिक, आणि एक दिशा सपाट झाली की तिच्या काटकोनातील दिशा वक्र होते, हे त्याने दाखविले. पुढे १९३० नंतरच्या काळात जपानच्या सातो याने स्वच्छमंडलाच्या मागील पृष्ठभागावरूनही छेद घेण्याची रीत अवलंबिली. प्रारंभी परिणाम चांगले दिसले. परंतु स्वच्छमंडल निर्मळ राखणारा आतला नाजूक पेशीस्तर त्या छेदांनी दुखावला होता, आणि अनेक वर्षांनंतर त्यांतील कित्येक डोळ्यांची स्वच्छमंडले सुजून धूसर झाली. शस्त्राची किंमत कधीकधी उशिरा मोजावी लागते, हे या प्रकरणाने नेत्रवैद्यकाला शिकविले.

आजचे शिथिलक छेद बाहेरच्या पृष्ठभागावरून, पारदर्शक भागाच्या अगदी कडेला, कमानीच्या आकाराचे घेतात. ते आरपार जात नाहीत. त्यांची खोली साधारणपणे ०.६ मिलिमीटर ठेवलेली असते, आणि त्यासाठी पात्याची लांबी आधीच बांधून दिलेला हिऱ्याचा किंवा पोलादी चाकू वापरतात. छेदाची लांबी किती असावी, हे रुग्णाचे वय आणि वैषम्याचे माप पाहून तयार केलेल्या कोष्टकांवरून ठरते. वय अधिक असेल, तर तेवढ्याच छेदाचा परिणाम अधिक होतो. अर्ध्यापासून सुमारे दीड डायॉप्टरपर्यंतचे वैषम्य या मार्गाने घटविता येते. बुडापेस्ट येथे २००८ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत फेम्टोसेकंद लेसरचा उपयोग प्रथम झाला. त्या साधनाने या कमानी अधिक नेमक्या खोलीच्या आणि लांबीच्या घेता येतात. परंतु चाकू असो वा लेसर, जखम कशी भरून येईल हे अखेर त्या त्या स्वच्छमंडलाच्या घडणीवर अवलंबून राहते. म्हणूनच या मार्गाचा परिणाम सर्वांत एकसारखा येत नाही, आणि कालांतराने तो थोडा ओसरूही शकतो. डोळे कोरडे असणाऱ्यांना या छेदांनी काही काळ अधिक त्रास होतो. स्वच्छमंडल पातळ किंवा शंकूसारखे पुढे आलेले असेल, तर हा मार्ग वर्ज्यच समजावा.

तिसरा मार्ग म्हणजे वैषम्य दूर करणारे भिंग. त्याला टोरिक भिंग म्हणतात. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरल्ड रिडली याने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केला. विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहूनही तेथे दाह होत नाही, हे त्याने युद्धकाळात पाहिले होते. त्या पहिल्या भिंगाने रुग्णाला दृष्टी मिळाली, पण मोठ्या नंबराचा चष्माही लागला, कारण भिंगाच्या शक्तीचा हिशेब तेव्हा नीट बसलेला नव्हता. चार दशकांनंतर, १९९२ साली, जपानच्या किमिया शिमिझू याने असे भिंग बसविले, की ज्याची शक्ती एका दिशेत कमी आणि दुसऱ्या दिशेत अधिक होती. स्वच्छमंडलाच्या वैषम्याच्या बरोबर विरुद्ध वैषम्य भिंगातच घडविलेले असल्याने दोन्ही परस्परांना छेद देतात. यंगने जे एका डोळ्यात दोष म्हणून पाहिले, तेच येथे उपाय म्हणून वापरले जाते.

या मार्गाचा लाभ असा, की स्वच्छमंडलाला हात लावावा लागत नाही आणि मोठे वैषम्यही दूर करता येते. भिंग स्वच्छमंडलाच्या मागे काही अंतरावर बसत असल्यामुळे स्वच्छमंडलातील एका डायॉप्टरसाठी भिंगात सुमारे दीड डायॉप्टर घडवावा लागतो. हा हिशेब बनविणाऱ्याने आणि निवडणाऱ्याने ध्यानात घेतलेला असतो. परंतु या भिंगाची सर्व भिस्त त्याच्या दिशेवर असते. भिंगावर अक्षाच्या खुणा असतात, आणि त्या स्वच्छमंडलाच्या अधिक वक्र दिशेशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. घड्याळाच्या तबकडीवर एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंतचे अंतर ३० अंशांचे असते. भिंग या अंतराच्या फक्त एक-तृतीयांश, म्हणजे १० अंश, फिरले तर त्याचा सुमारे एक-तृतीयांश लाभ नाहीसा होतो. ३० अंश फिरले तर सर्व लाभ जातो, आणि वैषम्य पूर्वीइतकेच, पण नव्या दिशेत उरते. त्याहून अधिक फिरले तर रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी होता त्यापेक्षाही वाईट स्थितीत येतो.

भिंग चुकीच्या दिशेत जाण्याची कारणे साधी असतात. माणूस बसलेला असताना डोळ्याची जी ठेवण असते, ती उताणे झोपल्यावर थोडी फिरते. हे फिरणे बहुधा दोन-चार अंशांचे, पण काही व्यक्तींत बरेच अधिक असते. म्हणून रुग्ण ताठ बसलेला असतानाच स्वच्छमंडलाच्या कडेवर शाईच्या खुणा कराव्या लागतात, आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर त्या खुणांवरून अंश मोजावे लागतात. काही ठिकाणी हे काम डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे छायाचित्र ओळखणारी यंत्रे करतात. शस्त्रक्रियेत भिंगाची पिशवी फुगविण्यासाठी घातलेला चिकट द्रव भिंगाच्या मागे राहून गेला, तर भिंग घसरते. भिंग फिरण्याचा संभव पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. आकाराने मोठ्या, निकटदृष्टीच्या डोळ्यांत तो आणखी वाढतो. फिरलेले भिंग दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर आणता येते, मात्र पिशवी आवळून घट्ट होण्यापूर्वी. पिशवीच फाटली असेल किंवा तिला धरणारे तंतू क्षीण असतील, तर टोरिक भिंगाचा आग्रह सोडून देणे शहाणपणाचे ठरते.

तीनही मार्गांचा पाया एकच, तो म्हणजे मापन. येथे २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. डग्लस कॉक आणि त्यांचे सहकारी यांनी सातशेहून अधिक स्वच्छमंडलांच्या मागील पृष्ठभागाचे मापन केले. तोवर बहुतेक हिशेब केवळ पुढच्या पृष्ठभागावरून होत असत. मागील पृष्ठभागातही सरासरी ०.३० डायॉप्टर वैषम्य असते आणि बहुसंख्य डोळ्यांत त्याची दिशा ठरावीक असते, असे त्यांना आढळले. परिणामी, पुढचा पृष्ठभाग उभ्या दिशेत अधिक वक्र असेल, तर केवळ त्यावरून केलेली दुरुस्ती जास्त होते, आणि आडव्या दिशेत अधिक वक्र असेल, तर ती कमी पडते. अनेक वर्षे जी चूक शल्यवैद्याच्या हाताची समजली जात होती, तिचा काही भाग प्रत्यक्षात मापनाचा होता. आजच्या हिशेबाच्या सूत्रांत ही दुरुस्ती अंतर्भूत केलेली असते.

मापन फसविणाऱ्या इतर गोष्टी अधिक साध्या आहेत. अश्रूंचा थर कोरडा असेल, तर एकाच डोळ्याची दोन मापे जुळत नाहीत. स्पर्शभिंगे वापरणाऱ्यांचे स्वच्छमंडल त्यांच्या दाबाने तात्पुरते बदललेले असते. ती काही काळ बंद ठेवूनच माप घ्यावे लागते. उन्हावाऱ्यात काम करणाऱ्यांत, शेतकऱ्यांत आणि कोळ्यांत, नाकाच्या बाजूने स्वच्छमंडलावर वाढणारा मांसल पडदा पुष्कळ आढळतो, आणि तो स्वतःच वैषम्य निर्माण करतो. तो आधी काढून, डोळा स्थिर झाल्यावर पुन्हा माप घेणे इष्ट असते. दोन निरनिराळ्या उपकरणांची मापे जुळली नाहीत, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलून पुन्हा मापन करावे. मोतीबिंदू क्वचितच इतका घाईचा असतो, की आठवडाभर थांबता येऊ नये.

मग कोणी कोणता मार्ग निवडावा? अर्ध्या-पाऊण डायॉप्टरपर्यंतच्या वैषम्याला छेदाची योग्य जागा पुरेशी असते. त्यापुढे साधारण सव्वा-दीड डायॉप्टरपर्यंत शिथिलक छेद किंवा अल्प शक्तीचे टोरिक भिंग यांतून निवड करता येते. त्याहून अधिक वैषम्य असेल, तर टोरिक भिंगच अधिक भरवशाचे ठरते. स्वच्छमंडल अनियमित असेल, तर यांपैकी काहीही करण्यापूर्वी विशेष तपासणी हवी. दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त करून वैषम्याची दिशा उलटविण्यापेक्षा थोडे शिल्लक ठेवणे बरे, कारण जुन्या दिशेची मेंदूला सवय झालेली असते. एक गोष्ट मात्र रुग्णाला आधीच सांगितली पाहिजे. दूरची दृष्टी चष्म्याविना स्वच्छ करणारे साधे टोरिक भिंग वाचनाचा चष्मा टाळू शकत नाही. हे न सांगता केलेली उत्तम शस्त्रक्रियाही रुग्णाला अपुरी वाटते.

येथे खर्चाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळता येणार नाही. टोरिक भिंग साध्या भिंगापेक्षा महाग असते. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या वाट्याला अंधुक दृष्टीच आहे काय? तसे मुळीच नाही. एअरीने शोधलेला दंडगोलाकार काचेचा चष्मा आजही तेवढाच खरा आहे, आणि नियमित वैषम्य तो उत्तम रीतीने दूर करतो. परंतु चष्मा फुटतो, हरवतो, आणि पुष्कळदा पुन्हा घेतला जात नाही. विणकर, गवंडी, वाहनचालक किंवा शेतात राबणारी वृद्ध स्त्री यांच्या बाबतीत फुटलेला चष्मा म्हणजे पुन्हा आलेली अंधुकता. म्हणूनच ज्या उपायाला काहीही खर्च येत नाही, तो सर्वप्रथम आणि सर्वांसाठी अमलात यावा. शस्त्राने नवा दोष निर्माण होऊ नये, यासाठी प्रत्येक डोळ्याचे माप घ्यावे आणि त्या मापाप्रमाणे छेदाची जागा ठरवावी. धर्मार्थ शिबिरातील रुग्ण आणि महानगरातील रुग्ण यांच्यात भिंगाचा फरक राहिला, तरी मापनाचा फरक राहू नये. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, जखम स्थिरावल्यावर, चष्म्याची तपासणी होऊन योग्य चष्मा रुग्णाच्या हाती पडला, म्हणजेच ती शस्त्रक्रिया पूर्ण झाली असे धरावे.

रुग्णाच्या आणि त्याच्या आप्तांच्या बाजूने पाहिले, तर या साऱ्या विवेचनातून तीन प्रश्न निघतात, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. या डोळ्याच्या स्वच्छमंडलात वैषम्य किती आणि कोणत्या दिशेने आहे? छेद कोठे घेणार, आणि त्याने ते घटेल की वाढेल? जे उरेल, त्यासाठी भिंग, शिथिलक छेद किंवा चष्मा यांपैकी काय योग्य, आणि का? ज्या नेत्रवैद्याने डोळ्याचे माप काळजीपूर्वक घेतलेले आहे, त्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत देता येतात. तसे माप घेतलेले नसेल, तर ते आधी घेण्याची विनंती रुग्णाने अवश्य करावी.